४-५ एकरासाठी मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी टेप काढा, शोरूम नंतर

बाबा गेल्यावर इंदूरजवळच्या सिमरोलकडची साडेचार एकर जमीन माझ्याकडे आली. तोपर्यंत ट्रॅक्टरशी माझा संबंध म्हणजे रिंग रोडवर समोर भुशाची ट्रॉली आली की ओव्हरटेक कुठून करायचं, एवढाच. आज दारात दुसरा ट्रॅक्टर उभा आहे. पहिला दीड वर्षात विकला आणि त्यात सव्वा लाखाच्या आसपास बुडाले, आणि बुडायची कारणं इतकी साधी होती की कुणी आधी सांगितलं असतं तर टळली असती. म्हणून हे लिहितेय. अडीच-तीन ते सात-आठ एकर जमीन, थोडं सोयाबीन-गहू, थोडा लसूण-बटाटा, कडेला पेरूचा नाहीतर लिंबाचा बगीचा, आणि स्वतः इंदूरला राहून आठवड्यातून दोन-तीन दिवस शेतावर जाणारे, अशा लोकांसाठी आहे हे. पंचवीस एकरवाल्यांना मोठाच ट्रॅक्टर लागतो, त्यांना याचा काही उपयोग नाही.

१. आधी भाड्याचा हिशेब मांडा

आमच्या बाजूला रोटाव्हेटरसकट (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) ट्रॅक्टर तासाला हजार-बाराशे घेतो, डिझेल आणि ड्रायव्हर त्यातच. साडेचार एकराला एका हंगामात दोनदा कल्टिव्हेटर (दात्यांनी माती उकरणारं अवजार), एकदा रोटाव्हेटर आणि पेरणी धरली तर पंधरा-सोळा तास होतात, दोन हंगामांचे तीस-बत्तीस. बगीच्याचं काम धरून वर्षाचे चाळीस हजार समजा. आता नवीन मिनी ट्रॅक्टर अवजारांसकट सहा-सात लाखाला जातो, म्हणजे त्याचं नुसतं व्याजच चाळीस हजाराच्या वर. पैशात हे गणित बसत नाही. शोरूममध्ये कुणी "तीन साल में वसूल" म्हणालं तर हसून चहा घ्या, पण वहीत लिहू नका.

मग मी का घेतला? जूनमुळे. आपल्या काळ्या मातीचं तुम्हाला माहीतच आहे, पाऊस झाला की चार दिवस पाय रुततो, मग दोन-तीन दिवस वाफसा येतो, म्हणजे माती कामाजोगी ओलसर असते, गावात त्याला बतर म्हणतात, आणि ती गेली की ढेकळं दगडासारखी. त्या दोन-तीन दिवसांत गावातल्या प्रत्येकाला ट्रॅक्टर हवा असतो आणि ट्रॅक्टरवाला आधी वीस एकरवाल्याकडे जाणार, साडेचार एकरवाल्या शहरातल्या बाईकडे शेवटी. लागोपाठ दोन वर्षं माझी पेरणी अशी मागे पडली. तुमची अडचण अशी असेल तर पुढे वाचा. शेजारी वेळेवर येणारा ट्रॅक्टरवाला असेल, किंवा जमीन दोन एकरच असेल, तर भाड्याने करा आणि वाटलं तर एखादा पॉवर वीडर (हाताने धरून चालवायचं तण काढायचं छोटं यंत्र) घ्या, खरंच.

२. टेप आणि वही घेऊन शेतात एक चक्कर

हे काम मी दुसऱ्या वेळेला केलं, पहिल्या वेळेला सरळ शोरूममध्ये गेले होते. लांब टेप घ्या आणि एवढं मोजा:

- फाटकाची आणि नाल्यावरच्या पुलियाची रुंदी. (आमची पुलिया साडेसहा फूट, त्यामुळे मोठी ट्रॉली आपोआप कटाप.)
- बगीच्यात दोन ओळींतलं अंतर, खोडापासून खोडापर्यंत नव्हे, फांदीपासून फांदीपर्यंत.
- सगळ्यात खालची फांदी जमिनीपासून किती उंच आहे ते.
- शेताच्या टोकाला वळायला किती जागा सुटते.
- पेरणीच्या दोन ओळींतलं अंतर.
- शेडच्या दाराची उंची.

फांदीची उंची मोजायचं कुणी सांगत नाही. माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बोनेटवरून सरळ वर उभा होता, पेरूच्या ओळीतून गेलं की फांद्या त्याला घासायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर त्या उंचीवरची पानं एका सरळ रेषेत करपलेली, जणू कुणी इस्त्री फिरवली. बगीचा असेल तर सायलेन्सर खालून किंवा बाजूने निघणारं मॉडेल बघा, काही कंपन्यांचं त्यासाठी वेगळं किट पण मिळतं.

ओळींचं अंतर तर सगळ्यात महत्त्वाचं. सोयाबीनला साधारण ४५ सेंटिमीटरवर ओळी घ्यायची शिफारस असते, खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेची माणसंही हेच सांगतात. आता नंतर डोरा म्हणजे कोळपणी ट्रॅक्टरने करायची असेल तर ट्रॅक्टरने दोन ओळी पोटाखाली घ्यायच्या आणि चाकं बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात चालली पाहिजेत. कागदावर चार रेघा मारून बघा, एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंत बरोब्बर ९० सेंटिमीटर येतात. मिनीच्या मागच्या टायरची रुंदी ८ इंचाच्या आसपास, म्हणजे २१ सेंटिमीटर धरा, तर टायरच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात सरळ हात असलेला माणूस चालवू शकतो. म्हणून शोरूममध्ये विचारायचा पहिला प्रश्न हा की मागच्या चाकांचं अंतर किती आणि ते कमी-जास्त करता येतं का. बहुतेक मिनींमध्ये रिम उलटी लावून करता येतं, पण कुठल्या कुठल्या मापावर बसतं ते लिहूनच घ्या.

३. अवजार आधी ठरवा, ट्रॅक्टर त्याच्या मागून येईल

माझा सव्वा लाखाचा धडा इथला आहे. पहिल्यांदा मी १५ एचपीचा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर घेतला, स्वस्त होता, दिसायला गोड होता, आणि डीलरने "स्कीम में" चार फुटी रोटाव्हेटर गळ्यात मारला. मला वाटलं मोठा मिळाला, छान झालं. पहिल्या जूनमध्ये शेताच्या वरच्या मुरमाड तुकड्यात चालला, मग खालच्या काळ्या तुकड्यात उतरला आणि वीस पावलांत काळा धूर, इंजिन घुक् घुक् करून बंद. परत सुरू, परत बंद. शेवटी रोटाव्हेटर इतका वर उचलून चालवला की माती नुसती कुरवाळून सोडली. बांधावरून शेजारचे पटेल बा बघत होते, म्हणाले, "बेन, यो बैल नी है, बछड़ो है, इना पे इत्तो वजन मती लादो." त्यांचं बरोबर होतं.

तर ढोबळ मापं अशी, आणि काळ्या मातीसाठी नेहमी खालच्या बाजूला राहा:

रोटाव्हेटर: १५ ते २० एचपीला तीन फुटी, २१ ते २५ ला साडेतीन फुटी, चार फुटी हवा असेल तर २५ च्या पुढे जा. एक बारीक गोष्ट अशी की रोटाव्हेटरची रुंदी निदान ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेइतकी हवी, नाहीतर चाकाची दाबलेली पट्टी तशीच राहते आणि तिथे उगवण नीट होत नाही. म्हणजे अरुंद ट्रॅक्टर घेतला तर रोटाव्हेटरही अरुंद चालतो, एचपीही कमी पुरतो. सगळं एकमेकात अडकलेलं आहे. ब्लेडमध्ये एल टाइप आणि सी टाइप असे दोन प्रकार दिसतील, कोरड्या आणि काडीकचऱ्याच्या शेतात एल, जड आणि ओलसर मातीत सी. मी सी लावलेत.

कल्टिव्हेटर: मिनीला पाच दात्यांचा, २४-२८ एचपीला फार तर सात. नऊ दात्यांचा मोठ्या ट्रॅक्टरचा आहे, गावात कुणी "आमचा घेऊन जा" म्हणालं तरी जोडू नका.

पेरणी यंत्र: पाच ओळींचं पुरतं.

फवारणी: इथे लिफ्टचा, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न येतो. ४०० लिटरची टाकी भरली की पाणीच ४०० किलो, वर टाकीचा सांगाडा, पंप, पाइप धरून पाचशेच्या पुढे. ब्रोशरवर लिफ्ट ७५० किलो लिहिलेली असते, पण ती खालच्या दोन दांड्यांच्या टोकाला मोजलेली असते आणि टाकीचं वजन त्याच्या दीड-दोन फूट मागे असतं, त्यामुळे खरा जोर कमी पडतो आणि चढावर पुढची चाकं हलकी होतात. मी २०० लिटरची घेतली आणि पुढे बंपरला वजनं लावली.

ट्रॉली: मिनीला मोठी ट्रॉली लावून चोइथराम मंडीत बटाटा न्यायचं स्वप्न असेल तर ते सोडा. ओढेल हो, थांबणार कसा? सिमरोलच्या उतारावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते तेव्हा कळतं वजन काय असतं ते. मंडीला छोटा हत्ती (छोटा टेम्पो) भाड्याने करा.

४. एचपीचा घोळ

बोनेटवर जो आकडा लिहिलेला असतो तो इंजिनचा. रोटाव्हेटरला मिळतो तो पीटीओचा, म्हणजे मागे जो फिरणारा दांडा असतो ना त्याच्यातून निघणारा, आणि तो इंजिनच्या साधारण ८५ ते ९० टक्के असतो. २४ एचपीच्या ट्रॅक्टरचे पीटीओला २०-२२ मिळाले तर ठीक. सेल्समनला "पीटीओ एचपी किती" एवढं विचारलं की तो जरा सरळ बसतो, अनुभव आहे. (माझ्याशी सगळे आधी "भाईसाब को भी ले आते मॅडम" असं बोलायचे. आमच्या ह्यांना ट्रॅक्टरमधलं एवढंच कळतं की तो लाल किंवा निळा असतो.)

सेल्समनच्या तोंडावर विसंबायचं कारणच नाही, कारण देशातली ट्रॅक्टर तपासणारी मुख्य सरकारी संस्था आपल्याच प्रदेशात आहे, सिहोर जिल्ह्यात बुधनीला, नर्मदेच्या काठी, १९५५ पासून. तिथे मॉडेलची टेस्ट होते आणि त्याचा रिपोर्ट निघतो. डीलरकडे मागा, "बुधनीचा टेस्ट रिपोर्ट दाखवा" म्हणा. त्यात दोन आकडे बघायचे, पीटीओची जास्तीत जास्त पॉवर आणि लिफ्ट. आणि एक तिसरा आहे जो आपल्यासाठी मोलाचा, जास्त तापमानात म्हणजे ४३ डिग्रीच्या आसपास ठेवून घेतलेली टेस्ट. मे महिन्यात गव्हाच्या शेतात नांगरणी करताना हवा तेवढीच तापलेली असते, तेव्हा पॉवर किती पडते ते तिथे कळतं.

बाजारात काय काय आहे याचा अंदाज यावा म्हणून: १५ एचपीत स्वराज ७१७ सारखे, २१ च्या आसपास कुबोटा निओस्टार आणि महिंद्रा ओजाचा सगळ्यात छोटा, २४ ला महिंद्रा जिवो २४५, २८-२९ ला जॉन डिअर ३०२८ आणि स्वराज टार्गेट ६३०, शिवाय व्हीएसटी, सोनालिका, कॅप्टन यांचे वेगवेगळे. यातला कुठला घ्या ते मी सांगणार नाही, माझ्या शेताचं माप तुमच्या शेताला लागत नाही.

५. टू व्हील की फोर व्हील

काळी माती असेल तर फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारा; टू व्हीलमध्ये तो फक्त मागच्या दोन चाकांना. वरचे पन्नास-साठ हजार जातात पण ओलसर जागेत टू व्हीलचं मागचं चाक स्वतःची कबर खोदतं, आणि मग पटेल बांचा मोठा ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, सगळं गाव बघायला. नुसत्या मुरमाड जमिनीवर आणि फक्त बगीच्यात काम असेल तर टू व्हील चालेल. फोर व्हीलचा लिव्हर रस्त्यावर काढून ठेवायचा, नाहीतर पुढचे टायर फुकट झिजतात.

६. अमेरिकेचे व्हिडिओ बघून ठरवू नका

माझा धाकटा भाऊ मिनेसोटात आहे, त्याच्याकडे तीन एकराचं घर आणि २५ एचपीचा कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर. जमीन दोघांची, त्यामुळे सल्ले रोज व्हॉट्सअॅपवर. "ताई, हायड्रोस्टॅटिकच घे. ताई, पुढे लोडर हवाच. ताई, कॅबिनवाला बघ." मी पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तसले व्हिडिओ बघायचे आणि इथल्या डीलरला विचारलं तर तो माझ्याकडे असा बघायचा की जणू मी सराफ्यात जाऊन पिझ्झा मागतेय.

मागच्या थंडीत त्याच्याकडे गेले तेव्हा उलगडा झाला. त्याच्या ट्रॅक्टरचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बर्फ काढणं. घरापासून रस्त्यापर्यंत लांबलचक वाट, रात्रीतून फूटभर बर्फ पडतो आणि सकाळी गाडी बाहेर निघायला हवी. तिथे ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न हा असतो की वाट किती लांब, बर्फ कुठल्या बाजूला टाकायचा, आणि तो पात्याने ढकलायचा की स्नो ब्लोअरने उडवायचा. ब्लोअर मागे लावला तर मान वळवून उलटं चालवत जायचं, पुढे लावायचा तर ट्रॅक्टरच्या पोटाखालून निघणारा वेगळा पीटीओ लागतो, तो २००० आरपीएमचा, मागचा ५४० चा. दर मिनिटाला पुढे-मागे करायचं म्हणून क्लच-गिअर नको, पायाच्या पॅडलवर चालणारं हायड्रोस्टॅटिक हवं. उणे पंचवीसमध्ये डिझेलमधलं मेण गोठतं म्हणून थंडीचं वेगळं डिझेल, इंजिन गरम ठेवायला रात्रभर विजेचा हीटर, टायरला साखळ्या. मला सगळ्यात गंमत वाटली ती टायरची. वजन वाढवायला आपण टायरमध्ये पाणी भरतो ना, तिथे साधं पाणी भरलं तर बर्फ होईल, म्हणून न गोठणारं द्रव भरतात, बिटाच्या रसापासून केलेलंसुद्धा.

म्हणजे त्याचा सल्ला चुकीचा नव्हता, त्याच्या वाटेसाठी अगदी बरोबर होता. आपल्याकडे काम उलटं: तासन्तास एकाच गतीने, एकाच गिअरमध्ये, पूर्ण ताकदीने माती फाडायची. हायड्रोस्टॅटिकमध्ये थोडी ताकद तेल तापण्यातच जाते, अशा कामाला गिअरवालाच बरा, आणि आपल्याकडे मिनीत बहुतेक गिअरवालेच मिळतात. पुढे-मागे करायला शटल लिव्हर असेल तर बघा, बगीच्यात वळताना सुख आहे. टायरमध्ये आपण नळाचं साधं पाणी बिनधास्त भरू शकतो, पाऊण टायरपर्यंत, डिसेंबरातल्या कडाक्याच्या दंवाने लसूण गारठेल पण टायर नाही.

भावाचं एक मात्र मी ऐकलं: जे काम वर्षात सगळ्यात जड आणि ज्याला थांबता येत नाही, त्याच्या मापाने ट्रॅक्टर घे. त्याचं काम बर्फ, माझं जूनचा वाफसा.

७. डेमो आपल्याच शेतात मागा

शोरूमसमोरच्या डांबरावर गोल फिरवून काही कळत नाही. "माझ्या शेतात, माझ्या मातीत, मला जो रोटाव्हेटर घ्यायचाय तोच जोडून" असं सांगा. आमच्याकडे एक डीलर टाळाटाळ करत राहिला, दुसरा सकाळी आठ वाजता ट्रॅक्टर घेऊन हजर, मग घेतला कुणाकडून ते वेगळं सांगायला नको.

डेमोत बघायचं ते हे. रोटाव्हेटर चार-पाच इंच खोल लावून सगळ्यात जड तुकड्यात चालवा, कान इंजिनवर ठेवा, आवाज बसला आणि धूर काळा होऊन काळाच राहिला तर तो ट्रॅक्टर तुमच्या मातीला कमी पडतोय. मीटरवर पीटीओ ५४० कुठल्या आरपीएमला येतो तिथे खूण असते, काम करताना काटा त्या खुणेपासून फार खाली जाता कामा नये. मग अवजार वर उचला, इंजिन बंद करा आणि बाजूला बसून चहा प्या. चहा संपेपर्यंत अवजार हळूहळू खाली आलं असेल तर लिफ्टमध्ये गडबड आहे. सेकंडहँड बघताना तर हे कराच.

आणि स्वतः चालवा. क्लच दाबून बघा, पाच मिनिटं नाही, निदान अर्धा तास. माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचा क्लच इतका जड होता की संध्याकाळी जिना चढताना गुडघा बोलायचा. सीटवर बसून पाय पूर्ण पोचतो का, वळताना मान वळवून मागचं अवजार दिसतं का, हे ज्याने रोज चालवायचंय त्यानेच बघावं. शेतावरच्या माणसाला पण बसवा.

८. मेकॅनिक कुठून येणार ते विचारा

बतरच्या तीन दिवसांत ट्रॅक्टर बिघडला तर मेकॅनिक महूहून येणार की देवास नाक्यावरून? किती तासात? फिल्टर, बेल्ट, क्लच प्लेट स्टॉकमध्ये असते का? गावातल्या दोन जणांना विचारा की त्यांना कसा अनुभव आहे. थोडं कमी आवडलेलं मॉडेल पण दहा किलोमीटरवर सर्व्हिस, हे मी डोळे झाकून घेईन.

९. पैसे, सबसिडी आणि कागद

किंमत १५ ते ३० एचपीत साधारण तीन लाखांपासून साडेसात-आठ लाखांपर्यंत पसरलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तर कोटेशनवर ५ टक्केच लागलेत ना ते बघा आणि "डिस्काउंट" म्हणून तोच फरक तुम्हाला परत विकत नाहीयेत ना ते पण बघा.

लोनमधला सापळा असा की डीलरच्या टेबलावर जो फायनान्सवाला बसलेला असतो तो "सिर्फ सात टका" म्हणतो, ते बऱ्याचदा फ्लॅट असतं. फ्लॅट म्हणजे पाच वर्षं पूर्ण मुद्दलावर व्याज, तुम्ही अर्धं फेडलं तरी. रिड्यूसिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच्या व्याजात बदललं की तेच बारा-तेरा टक्क्यांवर जातं. "रिड्यूसिंग रेट सांगा आणि एकूण किती भरायचे ते लिहून द्या" एवढंच म्हणा. हप्ता सहामाही मागा, सोयाबीन आणि गहू विकल्यावर येईल असा.

सबसिडीसाठी आपल्या मध्य प्रदेशात ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज करावा लागतो. ठरलेल्या यंत्रांसाठी अर्ज उघडतात, धरोहर राशीचा (अनामत रकमेचा) डिमांड ड्राफ्ट जिल्ह्याच्या सहायक कृषी यंत्रीच्या नावाने काढायचा, मग लॉटरी. नाव नाही लागलं तर पैसे परत. दोन गोष्टी लक्षात ठेवा: मंजुरी यायच्या आधी विकत घेतलं तर अनुदान गेलं, आणि ट्रॅक्टरवर नाही मिळालं तरी रोटाव्हेटर, सीड ड्रिलसाठी प्रयत्न करा, तिथे ट्रॅक्टरची आरसी मागतात म्हणून ट्रॅक्टर कुणाच्या नावावर घ्यायचा ते घरात आधीच ठरवा. मी भावाचं आणि माझं खातं सामाईक असल्यामुळे दोन महिने चकरा मारल्या, तो तिकडे बर्फ काढतोय आणि इकडे त्याची सही लागतेय.

फाइलमध्ये हे ठेवा:

- आधार, पॅन, समग्र आयडी, फोटो
- खसरा आणि बी-१ ची ताजी नकल, नकाशा, भू-अधिकार पुस्तिका
- बँक पासबुक आणि रद्द केलेला चेक
- सामाईक जमीन असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतिपत्र
- आधारला जोडलेला मोबाइल, ओटीपीसाठी, आणि तो चार्ज केलेला

लायसन्सचं लोक घाबरवतात. कारचं एलएमव्ही लायसन्स असेल तर ते मिनी ट्रॅक्टरला चालतं, कायद्यात ७५०० किलोपेक्षा हलका ट्रॅक्टर एलएमव्हीतच धरलाय. ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन मात्र वेगळं करावं लागतं. आणि शेतीसाठी रजिस्टर केलेल्या ट्रॅक्टरने विटा-रेतीची भाडी मारू नका, अपघात झाला तर विम्याचा क्लेम तिथेच अडकतो.

१०. डिलिव्हरीच्या दिवशी

नारळ फोडायच्या आधी इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः वाकून वाचा आणि इनव्हॉइसशी जुळवा. मग बनवल्याचा महिना-वर्ष बघा, शोरूममध्ये वर्षभर उभा असलेला ट्रॅक्टर नवीन म्हणून खपवतात, आणि तो चालेल तुम्हाला कदाचित पण मग किंमत तशी हवी. अवर मीटरवर किती तास दिसतात बघा, दोन-चार ठीक, वीस असतील तर तो सगळ्या गावांना डेमो देऊन आलाय. कागदांत इनव्हॉइस, फॉर्म २१ आणि २२, विमा, वॉरंटी आणि सर्व्हिस बुक हातात आल्याशिवाय उरलेला चेक देऊ नका. टूल किट, टॉप लिंक, हिच आणि ड्रॉबार "नंतर पाठवतो" म्हणतात, नंतर कधीच येत नाही.

११. पहिले पन्नास तास

पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्या ५० तासांना सांगतात, दिवसांचा हिशेब नाही, तासांचा, म्हणून मीटर बघत राहा. तोपर्यंत फार ओढायचं नाही आणि फार लाडही करायचे नाहीत, मध्यम कामाला लावा. सोयाबीन-गव्हाच्या भुशात काम झालं की रेडिएटरची जाळी त्याच संध्याकाळी साफ करा, इंजिन तापायचं दहातलं नऊ वेळा कारण तेच. ग्रीस गन, दोन-चार शिअर बोल्ट आणि लिंच पिना शेतावर डब्यात ठेवा, सियागंजमध्ये स्वस्त मिळतात आणि नेमक्या बतरच्या दिवशी तुटतात.

पीटीओच्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर येतं, पहिल्याच आठवड्यात गावातली मुलं ते काढून फेकतात कारण जोडताना मध्ये येतं. काढू देऊ नका. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, ओढणीचं टोक, गमछा, साडीचा पदर काहीही अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. मी शेतावर ओढणी गाडीतच ठेवते, आणि अवजारात अडकलेलं तण काढायचं असेल तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात. मडगार्डवर कुणाला बसवायचं नाही, नातवाला तर मुळीच नाही, तो कितीही रडला तरी.